बावीस हाका

हडपसरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी मशीन घेऊन गेलो, तो संशय घेऊनच. आधीचे दोघं दुरुस्तीवाले म्हणाले होते, सगळं पुसून नव्यानं टाकू. अरे, त्यात माझ्या गेलेल्या बायकोचा व्हिडिओ आहे, पुसता काय?

इथं पन्नाशीची बाई होती; तिलाही मी हेच बजावलं. चष्मा कपाळावर, टाइप करताना ओठ हलायचे. तिनं काळ्या पडद्यावर काहीतरी लिहिलं आणि अक्षरं भराभर पळायला लागली.

"काय चोरताय?" मी म्हटलं.

"चोरण्यासारखं काही दिसलं की सांगते. आत्ता कोण किती मेमरी खातंय ते बघतेय. तुम्ही व्हिडिओ कसा लावता, दाखवा."

मी दाबलं. उघडेना, म्हणून दाबतच राहिलो. मशीन अडकलं.

तिनं यादीवर बोट ठेवलं. "आजोबा, बावीस वेळा उघडलाय. जुनं मशीन, त्याला मिनिटभर लागतं. एकदम बावीस हाका मारल्यावर आजी ओ कशा देतील?"

मला राग आला, कारण बाई खरं बोलली होती.

तिनं ते सगळे बंद केले, मग आणखी दोन ओळी लिहिल्या. "आता मर्यादा घातलीय. कितीही दाबा, एका वेळी एकदाच उघडेल. बघा लावून." आणि ती दारात जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ऐकायलाच थांबली असणार.

मिनिटभरानं ही पडद्यावर आली. "अहो, ते शूटिंग पुरे, कढी उतू जातेय!"

मी दाराकडे बघितलं. बाईची पाठ होती. आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हळू आवाजात सांगत होती, "जरा थांबा. आत नवरा-बायको आहेत."