शेततळ्यावरचे दोर

चांदवडकडच्या एका शाळेत मी खेळ शिकवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच मुलींना नाशिकला माझ्या घरी ठेवून तिथल्या जलतरण तलावात पोहायला शिकवायचे. त्यातली नववीतली एक पाण्याला लगेच सरावली. तिच्या आईला मी म्हणाले, "आता हिची पाण्याची काळजी सोडा."

त्याच हिवाळ्यात ती शेततळ्यात बुडाली. पाणी घ्यायला वाकली आणि घसरली. शेततळ्याला काठापर्यंत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, हाताला काही सापडत नाही. आई पलीकडच्या वावरात कांदे लावत होती. मी पोचले तेव्हा पोरीला काठावर निजवलं होतं. नखांत शेवाळ गच्च भरलं होतं. तिला पोहता येत होतं, वर येता येत नव्हतं.

दोन वर्षांनी मी सलग बारा तास पोहायचं ठरवलं. नाशिकच्या आमच्या त्या तलावावर तेवढं कुणी पोहलं नव्हतं. त्यासाठी लोक देतील त्या पैशांतून शेततळ्यांवर गाठी मारलेले दोर बांधायचे होते.

सकाळी सहाला उतरले. भिंतीला फक्त वळताना हात लावायचा, धरून थांबायचं नाही, असा नियम. शेजारचा पट्टा मोकळा ठेवला होता. आठव्या तासाला तिथून हात मारल्याचा आवाज येऊ लागला.

"शेजारी कोण आहे?" काठावरच्या नवऱ्याला मी विचारलं.

"कुणी नाही. थोडं दूध घे."

मी हळू झाले की तो आवाजही हळू व्हायचा. अकराव्या तासाला तो थांबला. मी पोहत राहिले, पण पोहायच्या चष्म्यात पाणी साचलं, ते बाहेरचं नव्हतं.

सहाला मला दोघांनी धरून बाहेर काढलं. टाळ्या झाल्या, हार झाले. तिची आई सकाळच्या एसटीने आली होती. माणसं पांगल्यावर ती जवळ आली.

"मॅडम, तुम्ही बारा तास पोहल्या."

"हो."

"मग माझी पोर किती वेळ पोहली आसंल?"

खांद्यावरून घसरणारा टॉवेल मी ओढून घेतला.

"मी पलीकडंच होते. ट्रॅक्टर चालू होता. ती वरडली आसंल ना?"

"नाही," मी म्हणाले. "गार पाण्यात शुद्ध लगेच जाते."

खोटं होतं. तिने मान हलवली आणि माझ्या अंगावरचा टॉवेल नीट केला.

पहिला दोर तिच्याच शेततळ्यावर बांधला. तो तपासायला मी कपड्यांसकट पाण्यात उतरले. दोर हाताशी होता, तरी धरला नाही. आधी कागदावरून चढून पाहिलं. घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. बोटं रोवली, गुडघे टेकले. किती वेळ गेला कळलं नाही. तेवढंच तर मला जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, दोर धरा! धरा ना वो!" काठावरून पोरीची आई किंचाळत होती.

मी धरला. वर आल्यावर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मला घट्ट आवळून धरलं.

‘किती वेळ’ हा प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. आता तो माझ्याकडे आहे. भाजी धुताना, वर्गात हजेरी घेताना मध्येच येतो, आणि पुढचं नाव घ्यायला मला उशीर होतो.