माझं बोट आणि नादस्वर

सकाळचे साडेदहा. बेंगळूरच्या के. आर. पुरममधलं एक कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय. बोहल्यावर माझी भाची मेधा, समोर अंतरपाट, आणि तिच्या पाठीशी मामा म्हणून मी.

आता पुढचं माझ्याच तोंडून ऐका, कारण आमच्या घरात याची रोज नवी आवृत्ती निघते!

मी सनई ठरवली होती. फोनवरचा माणूस "सरी सार, सरी" म्हणत होकार देऊन मोकळा झाला, आणि आले नादस्वरवाले! सनईच्या दुपटीहून लांब ते लाकूड, आवाज देवळाच्या पटांगणाला पुरेल एवढा, आणि बसले कुठे? बोहल्याला खेटून! मंगलाष्टकं सुरू झाली तरी यांचा राग चालूच. गुरुजींचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

बहीण कानाशी कुजबुजली, "अण्णा, थांबव रे त्यांना! मुहूर्ताला वेळ आहे अजून, गुरुजींचं 'सावधान' तरी ऐकू येऊ दे!"

थांबव म्हणजे काय! जन्मभर बातमीदारी केली, या बोटाने मंत्री गप्प केलेत मी! तर्जनी वर केली आणि जोरजोरात हलवली. नाही! बंद!

थोरल्या वादकाने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, गाल फुगवले आणि असा सुटला की झुंबरं थरथरली. ढोलवाला दोन्ही हातांनी तुटून पडला.

मी संतापून बोट आणखी हलवलं. ते आणखी पेटले!

पाहुण्यांना वाटलं, लागलं लग्न. अक्षता उधळल्या. अंतरपाट धरणारे दचकले, पाट खाली. मेधाने हार घालून टाकला. गुरुजी हात वर करून ओरडत होते. लोकांनी आशीर्वाद समजून नमस्कार केले. मागच्या रांगा तर जेवायला पोचल्यासुद्धा!

वाद्यं थांबताच मी वादकावर धावलो. "कोणी सांगितलं एवढं वाजवायला?"

"नीवे सार, नीवे! तुम्हीच!" त्याने माझंच बोट धरून हलवून दाखवलं.

हॉलचे मॅनेजर मध्ये पडले. "सार, इकडे ताळी, म्हणजे तुमचं मंगळसूत्र, बांधताना मंडपातून असं बोट हलवतात. मग गट्टीमेळ! वाईट काही कानावर पडू नये म्हणून जीव तोडून वाजवायचं. एवढी वर्षं बेंगळूरमध्ये राहून तुम्ही हे पाहिलं नाही?"

कसं पाहणार? मी लग्नांना थेट जेवायच्या वेळी पोचतो!

तरी चौकशी सोडली नाही. गुरुजींना गाठलं. "लग्न मुहूर्तावर लागलं की आधीच?"

"मामांना विचारा," म्हणाले, आणि ताटावर बसले.

राहिलेली दोन मंगलाष्टकं आजतागायत कोणीही म्हटलेली नाहीत.