बकारामच्या बांधीतला डोंगर

आमगावच्या त्या घरात लॅपटॉप स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी असतो, कारण दुर्गेश्वरीला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. त्या सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली, सासूबाई पुष्पाबाईंनी चहासाठी हाक मारली, आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात गल्लीतले बकाराम. हातात तिनेच काल छापून दिलेला त्यांच्या शेताचा नकाशा.

"काऊन वं सूनबाई, माह्या बांधीत डोंगर कवापासून उगवला?"

"डोंगर कुठं पळून नाही जात," पुष्पाबाई आतून म्हणाल्या. "चहा घ्या आधी."

"असू दे म्हणा. बकऱ्या तरी चारीन तिथं."

दुर्गेश्वरीला हसू आलं नाही. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, पाणी सगळीकडे सारखं उभं राहावं म्हणून गावच्या शेतकरी गटाने उन्हाळ्यात जमीन सपाट करायचं यंत्र ठरवलं होतं. ड्रोनने मोजलेल्या उंचींवरून ती नकाशे काढत होती. लाल तिथे खोदायचं, निळं तिथे भरायचं. आजच बारा वाजता यंत्र बकारामच्या शेतात उतरणार होतं. नकाशा चुकला तर वरची चांगली माती खरवडून जाणार आणि धानाला पाणी टिकणार नाही.

गोंदियात बी.एस्सी. केल्यावर अकरा वर्षं तिची पदवी कपाटात होती. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा ती दुपारी, सगळे जेवल्यावर, एकटीच शिकली. गटाकडून मिळालेलं तिचं हे पहिलं काम. चूक झाली तर दुसरं मिळणार नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने गॅस बंद केला आणि लॅपटॉपसमोर बसली. दोन बांध्यांवर करून पाहिलं तेव्हा चित्र बरोबर आलं होतं. पूर्ण शेत घेतलं की खालचा भाग बिघडत होता. चित्र काढणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, सी भाषेतली. तिला चार बाइटचे आकडे लागतात, पायथॉनकडे आठ बाइटचे. दुर्गेश्वरीने ते पाठवता पाठवताच बदलले होते, एकाच ओळीत. ती ओळ कधी लिहिली तेही तिला आठवलं. डाळ उतू चालली होती, आणि बदललेल्या आकड्यांच्या नवीन यादीला नाव द्यायचं राहून गेलं.

सी-ला आकडे मिळालेच नव्हते, फक्त ते कुठे ठेवलेत तो पत्ता मिळाला होता. बिननावाची यादी पायथॉनने ओळ संपताच टाकून दिली. सी नंतर चित्र काढायला त्या पत्त्यावर गेली, तर तिथे दुसरंच काही येऊन बसलेलं. तेच तिने डोंगर म्हणून रंगवलं. दोन बांध्यांच्या वेळी आकडे थोडे होते, म्हणून ती जागा योगायोगाने तशीच राहिली होती.

दुर्गेश्वरीने यादीला नाव दिलं, चित्र पूर्ण होईपर्यंत ती सांभाळून ठेवली. शेत सपाट आलं, पूर्वेला थोडा उतार.

बकारामने आत येऊन लॅपटॉपमध्ये वाकून पाहिलं. "हा. पाणी इकडूनच उतरते. आता माही बांधी दिसून राहिली."

तिने नवा नकाशा छापून त्यांच्या हातात दिला. "मामाजी, जुना कागद इथंच ठेवा. यंत्रवाल्याला हा नवाच द्या."

ते गेले. तिने डोळे चोळले. बाकी सात शेतांचे नकाशेही त्याच ओळीतून निघाले होते, आणि उद्यापासून यंत्र तिकडे जाणार होतं. पुष्पाबाईंनी कुकर उघडून भाजीचं विचारलं.

"आई," ती म्हणाली, "सातही नकाशे पुन्हा काढायचे आहेत. दुपारपर्यंत मला कोणी हाक मारू नका."