माठांच्या गाडीतून बिडकीनला

गेल्या मंगळवारी सकाळी आठ वाजता मी पिकअप घेऊन एका हॉस्पिटलच्या मागच्या गेटवर उभा होतो. एरवी या वेळी मी पैठण रोडवरून माठ भरून क्रांती चौकाकडं येत असतो... मंगळवारी गाडी रिकामी होती आणि मला जाम टेन्शन आलं होतं.

आधी गाडीचं सांगतो. वाळूजची आमची कंपनी बंद पडली, तेव्हा मी ही सेकंडहँड पिकअप घेतली. आमच्या घरात सगळे कारकून... ड्रायव्हर मी पहिलाच.

यंदा नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. कूलरमध्ये पाणी ओतायला कुणाचा हात धजत नाही, त्यामुळं निदान प्यायला तरी गार पाणी हवं म्हणून माठांना चांगली मागणी आहे, तेच आणून विकतो. पण माठ आणायच्या वाटेवर, बिडकीनच्या बाजूला, रस्ता रुंद करणं चाललंय. खड्डे, डायव्हर्शन, डंपर... पहिल्या खेपेला निम्मे माठ फुटले. बायकोनं, अंजलीनं, खापरं गोळा करायला झाडू तेवढा आणून दिला.

नवं सस्पेन्शन परवडणारं नव्हतं. मग पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या टाकून दिलेल्या ट्यूब आणल्या, ठिगळं लावली, अर्धीच हवा भरली आणि हौद्यात अंथरल्या. त्यावर जुन्या दिवाणाचं प्लायवूड टाकलं, सरकू नये म्हणून चारी कोपरे दोरीनं बांधले.

वजन कमी असलं की पिकअप जास्त उडते, हे मला माहीतच नव्हतं. मागच्या चाकांवर वजन पडेल अशी वाळूची पोती ठेवली. मागच्या फाळक्याच्या साखळ्या खडखडायच्या, त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळली... वर पीव्हीसी पाइपच्या कमानी आणि हिरवी नेट. सगळं घरच्या अंगणात, दोन रविवारांत.

राहिली गादी. गुलमंडीच्या एका बोळात युसूफभाई सीट कव्हर शिवतात. त्यांनी दुकानातले उरलेले फोमचे तुकडे जोडून लांबलचक गादी शिवली आणि ट्रायल घ्यायला चहाचा ग्लास हातात धरून स्वतःच मागं बसले. तीन गतिरोधक पार केल्यावर मागून ओरडले, "भाऊ, चहा सांडला नाय!"

त्यानंतर माठ फुटणं जवळपास थांबलं. युसूफभाईंशी दोस्ती झाली ती अशी.

मग त्या मंगळवारच्या आदल्या आठवड्यात त्यांची अम्मी बिडकीनच्या घरी पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शहरात आणताना जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळली होती... आता डिस्चार्ज मिळाला, तर तिनं गाडीत बसायलाच नकार दिला. "मेरेकू यहींच रैने दो," एवढंच म्हणायची.

सोमवारी संध्याकाळी युसूफभाई घरी आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, "तुमच्या गाडीत माठ फुटत नाय, भाऊ. माझ्या अम्मीला न्याल का?"

खरं सांगतो, मला नाही म्हणायचं होतं. माठाचं एक असतं, माणसाचं वेगळं. पण आतून अंजली म्हणाली, "डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर न्या."

सकाळी डॉक्टर स्वतः खाली आले. गादी दाबून बघितली, प्लायवूड हलवून बघितलं. "सरळ झोपवा, दोन पायांच्या मध्ये उशी ठेवा, आणि अगदी सावकाश," असं सांगून त्यांनी होकार दिला.

अम्मीला स्ट्रेचरवरून अलगद गादीवर घेतलं. तिनं नेटमधून येणाऱ्या हिरव्या उजेडात माझ्याकडं पाहिलं. "बेटा, कित्ते मटके फोड़े अब तलक?"

"सुरुवातीला लई फोडले, अम्मी. आता नाही फुटत."

"तो चलो. आराम से."

युसूफभाई तिचा हात धरून मागं बसले. मी वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून डंपर हॉर्न मारत होते, शिव्या देऊन पुढं जात होते... जाऊ दिलं. शहर संपेपर्यंत मागून "या अल्लाह" ऐकू येत होतं.

मग सगळ्यात वाईट पट्टा आला. नुसती खडी आणि धूळ. आणि मागून काहीच आवाज येईना... कण्हणंही नाही. काचेतून युसूफभाईंची फक्त पाठ दिसत होती. गाडी कडेला घेतली आणि धावतच मागं गेलो.

युसूफभाईंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते. अम्मी झोपली होती... तोंड थोडं उघडं, श्वास संथ. "पडल्यापासून पहिल्यांदा," ते कुजबुजले.

बिडकीनला गाडी लिंबाच्या सावलीत लावली. बाज तयार होती, शेजारीपाजारी जमले होते, पण युसूफभाईंनी सगळ्यांना हातानंच थांबवलं. तिला उठवायचं नाही, एवढंच ठरलं.

तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर शिरला. त्यानं हॉर्न दाबायच्या आत दोन बाया हात हलवत आडव्या गेल्या. मग हंडे, कळश्या, प्लास्टिकचे ड्रम... सगळं भरलं गेलं, पण खाणाखुणांनी. एकीचा हंडा दुसरीनं पुढं सरकवून दिला. चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी, आणि कुणाचा आवाज चढला नाही.

तासाभरानं अम्मीनं डोळे उघडले. "बिडकीन आ गया क्या?" तिनं विचारलं, आणि सगळी गल्ली एकदम हसली.

त्या दिवशी माझी माठांची खेप बुडाली. पण टँकरभोवती तशी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती... आणि ती राखणाऱ्या त्या बायांपैकी एकीचंही नाव मला माहीत नाही. त्यांना इथूनच मनापासून सलाम.