व्हिएन्नात सुटलेली मेट्रो

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी जग पाहायचं ठरवलं, पण रुळांवरून. हे शाळेत भूगोल शिकवायचे, मी बँकेत होते. मूलबाळ नाही. वारज्यातल्या फ्लॅटला कुलूप लावायचं आणि निघायचं. लोक राजवाडे बघत. आम्ही मेट्रोच्या पहिल्या स्टेशनात चढून शेवटच्या स्टेशनात उतरायचो, समोर मिळेल तिथे कॉफी प्यायचो, परत यायचो. इस्तंबूल झालं, लिस्बन झालं, सिंगापूर झालं. सगळे नकाशे ह्यांच्या डोक्यात. मी नुसती मागोमाग चालायची, स्टेशनांची नावंसुद्धा वाचत नसे.

व्हिएन्नात मी गाडीत चढले, दार लागलं, आणि हे फलाटावरच राहिले. मी काचेतून हात केला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुणा परक्या बाईकडे पाहावं तसं, आणि मान वळवली.

पुढच्या स्टेशनात उतरून मी उलट गाडीने परत आले. हे बाकावर बसले होते.

"अहो, चढला का नाहीत?"

"कुठे जायचं होतं?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. तिरकस बोलायची सवयच होती. मी चिडून म्हटलं, "चंद्रावर!" ते मुकाट्याने उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे चालू लागले. हॉटेलपर्यंत मी अबोला धरला. त्याची लाज अजून जात नाही.

पुण्यात परतल्यावर तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, औषधाने फार तर वेग कमी होईल.

पुण्यातल्या मेट्रोची ह्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती! कर्वे रस्त्यावर खांब उभे राहत होते तेव्हा तासन्‌तास बघत उभे राहायचे. म्हणून एका दुपारी रिक्षा करून वनाजच्या मेट्रो स्टेशनात नेलं. गाडीत एका मुलीने उठून जागा दिली. हे तिला म्हणाले, "आभारी आहे. हे गाव कुठलं?"

"पुणे, काका."

"पुण्यात मेट्रो नाही. मी तिथलाच आहे."

दोघं-तिघं हसले. मीही हसले, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

न्यायालयाच्या स्टेशनात गाडी बदलायला खाली उतरायचं होतं. सरकत्या जिन्यापाशी ह्यांचे पाय थिजले. मागे माणसं खोळंबली. "अहो, चला ना," मी म्हटलं. ह्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि लहान मुलासारखे रडू लागले. त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही.

हल्ली हे मला "आपण" म्हणतात. काल हे गॅलरीतल्या बाकावर बसले होते; मी शेजारी जाऊन उभी राहिले, तर विचारलं, "आपण कुठवर जाणार?"

"मी इथेच राहते," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि थोडं सरकून मला बसायला जागा करून दिली.