सासूबाईंची मशेरी आणि माझा व्हेप

"हा थायरॉइड नाही," डॉक्टर म्हणाली. "हे निकोटिन विथड्रॉवल आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. छाती धडधडते, झोप लागत नाही, तोंड आलंय, माणसं नकोशी झालीत. इंटरनेटवर लक्षणं जुळवून मी थायरॉइड पक्का करूनच गेले होते. रक्ताचा रिपोर्ट मात्र नॉर्मल आला. मग तिने विचारलं, स्मोक करता का? कधीच नाही, मी ठसक्यात म्हणाले. आणि व्हेप? करत होते, सोडला. कधी? सासूबाई यायच्या आदल्या दिवशी.

ती हसली नाही, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

निकोटिन विथड्रॉवल म्हणजे, मेंदूला ज्या निकोटिनची सवय लागलेली असते ते बंद झालं की शरीर जो थयथयाट करतं तो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, पुढे काही आठवड्यांत उतार पडतो. तिने हेही सांगितलं की निकोटिनची मात्रा हळूहळू कमी करत सोडला असता तर इतका त्रास झाला नसता. तुम्ही सोडायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका हॉस्पिटलात मी अपॉइंटमेंटचे फोन घेते. ब्रेकमध्ये मैत्रिणी बाहेर उभ्या राहून व्हेप करायच्या, त्यांच्या नादाने मीही करू लागले. व्हेप म्हणजे निकोटिनची वाफ ओढायची बॅटरीवरची नळी. आंब्याचा स्वाद, राख नाही, कपड्यांना वास नाही. सिगरेट ओढतात, विडी पितात, तंबाखू खातात. व्हेपला मराठीत धड क्रियापदही नाही. ज्याला क्रियापद नाही ते व्यसन कसं असेल, असं माझं सोयीचं व्याकरण होतं.

सासूबाई कराडजवळच्या गावात राहतात. संदीप, माझा नवरा, कित्येक वर्षं मागे लागला होता, तेव्हा कुठे त्या सहा महिन्यांसाठी यायला तयार झाल्या. त्यांच्यासमोर तोंडातून वाफ सोडत उभं राहायची माझी छाती नव्हती. म्हणून सुपरमार्केटात जुन्या बॅटऱ्या गोळा करायचा डबा असतो, त्यात व्हेप टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आणायला विमानतळावर गेले.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फुटायची वेळ आली. फोनवर एका आजोबांनी जन्मतारीख दोनदा चुकवली तर माझा आवाज चढला. घरी येऊन मी उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. हात सारखा पर्समध्ये जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. याला क्रेव्हिंग म्हणतात, म्हणजे तलफ. ती लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते, पण ती मिनिटं फार लांब असतात.

आणि घरात सासूबाई. चहा पाणचट, घर तापवणाऱ्या रेडिएटरने अंग भाजतं, पोट साफ होत नाही, झोप नाही. गॅसवर दूध ठेवायच्या आणि विसरायच्या. "मला हितं करमंना. मला घरी सोड," म्हणून खिडकीशी बसून डोळे पुसायच्या. कुकरच्या शिट्ट्यांवरून आमची खडाजंगी झाली. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, तशातली गत.

पंधरवडा झाला तेव्हा संदीप मला किचनमध्ये हळूच म्हणाला, "आईची मेमरी गेल्यासारखी वाटते गं. परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतो. तिला इथे ठेवणं फेअर नाही."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. पण त्याचा चेहरा बघवला नाही. आता गेल्या तर आई परत कधी येणार नाहीत, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने सुचवलेल्या स्टॉप स्मोकिंग क्लिनिकची माझी वेळ होती. व्हेप सोडणाऱ्यांनाही तिथे मदत मिळते. वेटिंग रूममध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले होते. नर्स स्वभावाने मायाळू. तिने विथड्रॉवलमध्ये काय काय होतं ते सांगितलं: चिडचिड, रडू येणं, लक्ष न लागणं, झोप उडणं, बद्धकोष्ठता. मी मान डोलवत होते आणि बद्धकोष्ठतेला थांबले. मला तो त्रास नव्हताच. ती माझं नाही, आईंचं वर्णन करत होती.

घरी येऊन कोटसुद्धा काढला नाही. "अहो आई, तुम्ही मशेरी लावायचात ना?"

मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या कितीतरी बायका ती सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात.

"डबी घरीच ऱ्हायली. विमानात पकडत्यात म्हनं," त्या म्हणाल्या. "पन ती काय मी खात न्हाय. दाताला लावते."

अगदी माझंच व्याकरण. मग मी त्यांना सगळं सांगितलं, आंब्याच्या स्वादासकट. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून खाली बघत होते.

"तुला बी आसंच व्हतंय?" त्यांनी विचारलं. "मग सांगायचं न्हाय व्हय? मला वाटलं मी येडी व्हाय लागले."

मला रडू आलं. त्यांना तर आधीपासूनच येत होतं.

तिकीट बदललं नाही. नर्सने मला एनआरटी दिली, म्हणजे निकोटिन रिप्लेसमेंट थेरपी. दंडावर पट्टी लावायची, त्यातून थोडं थोडं निकोटिन मिळतं, आणि पट्टी टप्प्याटप्प्याने कमी ताकदीची करत जायची. आईंना ब्लडप्रेशर आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं, मगच त्यांना पट्टी लावली. तलफ आली की आम्ही दोघी पार्कात जायचो. त्या वाटेतल्या कुत्र्यांना नावं ठेवायच्या. महिन्याभरात झोप परतली, आणि दूध उतू जाणंही थांबलं. सहा महिने पुरे करून त्या गेल्या.

तुमच्या घरात कुणी हे सोडत असेल तर त्याला स्वभावाचा दोष देऊ नका. आणि तुम्ही सोडत असाल तर लपून सोडू नका. लाजेपायी सोडणारा माणूस एकटा पडतो.

परवा आईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं.

"लावली गं आज," म्हणाल्या. "शेजारनीनं डबी म्होरं केली."

एरवी मी व्याख्यान दिलं असतं. पण आदल्याच दिवशी ब्रेकमध्ये मैत्रिणीच्या व्हेपकडे माझा हात गेला होता. मी तो मागे घेतला, इतकंच.

"किती वाजेपर्यंत थांबला होतात?" मी विचारलं.

"दुपारपातुर."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत थांबू."

"थांबू म्हंजी? तू बी?"

"मी पण, आई," मी म्हणाले.