दोनशे डॉक्टरांनी बघितलेला पेशंट

पाथर्डीच्या अलीकडं फाट्यावर डॉक्टर मोहियोद्दीन यांचा दवाखाना. डिग्री युनानीची, पण सुई टोचल्याशिवाय गाव कुणाला डॉक्टर म्हणतंय? कॉलेजात जे शिकले नाहीत ते आता मोबाईलवर शिकत होते. दोनशे डॉक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, अ‍ॅडमिन नगरचे हृदयरोगतज्ज्ञ, सगळ्यांचे मोठे सर. ते रोज एक ईसीजी टाकायचे. मोहियोद्दीन तो वहीत उतरवून घ्यायचे. पंचेचाळिशीत असा विद्यार्थी मिळायचा नाही!

पण मागं त्यांनी एका म्हाताऱ्याला घाईनं नगरला धाडलं आणि निघाला नुसता गॅस. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ढेकर आला तरी रेफर करता का, डॉक्टर?" सगळे हसले. ते फार जिव्हारी लागलं.

मंगळवारी अकराला सहादेव आला, छाती धरून, घामानं निथळत. ऊसतोडीहून नुकताच परतलेला गडी. सोबत बायको बनुबाई. मोहियोद्दीन यांनी रक्त पातळ करायची गोळी चघळायला दिली, ईसीजी काढला. पट्टी धड चांगली नाही, धड वाईट नाही. जीप बोलवावी का? पण पुन्हा हसू झालं तर? त्यांनी पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकला.

"घाबरू नका, बनुबाई. दोनशे डॉक्टर बघतायत."

"मंग लई बरं झालं!" म्हणत ती बाकावर टेकली.

आणि नेमका त्याच दिवशी मोठ्या सरांचा वाढदिवस! शुभेच्छा, केक, पुष्पगुच्छ, नुसता पूर. आपल्या आधी दुसऱ्याच्या शुभेच्छा पोचल्या तर, हीच ग्रुपवर प्रत्येकाला धास्ती. ईसीजी कुठल्या कुठं वर गेला. मोहियोद्दीन यांनी पुन्हा टाकला, त्याच्यावर चार केक पडले. फोन करावा, तर सर सत्कारात. अशा दिवशी त्रास कसा द्यायचा? या भिडेपायी पाऊण तास गेला. सहादेवनं डोळे फिरवले तेव्हा कुठं जीप आली. करंजी घाट ओलांडायच्या आत गडी गेला.

संध्याकाळी सरांचं उत्तर आलं : "अर्जंट रेफर करा. छान केस. फॉलो-अप टाका."

दहाव्याला मोहियोद्दीन गेले. मान वर होईना. बनुबाई तर पायाच पडली! जमलेल्या बायांना सांगू लागली, "आमच्या डाक्टरांनी लई केलं. दोनशे डाक्टरांनी बघितलं व्हतं यांना. नशीबच फुटकं, त्याला कोन काय करनार?"

कुणीच बघितलं नव्हतं, बाई, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"मलाबी काय झालं तर तुमच्याकडंच येनार," बनुबाई म्हणाली. "दुसरं कोन हाय आमाला?"

"व्हय," एवढंच ते म्हणाले.